आधी परसातलं, मग चुलीवरचं

(गोव्यातील एका वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



१७३६ सालच्या एप्रिल महिन्यात गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती झालेल्या इथल्या लोकांनी कोणकोणत्या जुन्या चाली सोडायच्या, त्यांची ती लांबलचक यादी होती. घराच्या आवारात तुळस ठेवायची नाही, असेल तर उपटायची. लग्नकार्यात व्याह्यांकडे फुलं, पानसुपारी, तळलेली पक्वान्नं धाडायची नाहीत. आणि या साऱ्यात एक कलम चक्क भाताचं होतं. भात शिजवतानाच त्यात मीठ घातलं पाहिजे. हिंदू रांधतात तसा अळणी भात रांधून वरून चवीपुरतं मीठ घेणं चालणार नाही. अनंत काकबा प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही कलमं दिली आहेत. ग्रंथ १९६१ चा, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षीचा.

पहिल्यांदा वाचताना हसू येतं. समुद्रापलीकडून आलेली एवढी मोठी सत्ता, आणि तिने टोपातल्या मिठाचा हिशोब ठेवायचा! पण हुकूम काढणारी माणसं खुळी नव्हती. सासष्टी-बारदेशात धर्मांतराला तोवर दीडशेहून अधिक वर्षं होऊन गेली होती. मुलांची नावं बदलली होती, देवळाच्या जागी चर्च आलं होतं, मूळ देव जुवारी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, गेले होते. तरी व्याह्यांकडे ताट जातच होतं आणि भात अळणीच शिजत होता. भावकीतली एक शाखा ख्रिस्ती झालेली आणि दुसरी न झालेली, असं असताना ही दोन घरं खरोखर तोडायची तर टोपात हात घालावा लागेल, हे त्या अधिकाऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं. अन्नाच्या देवघेवीवर एवढा बारीक विचार तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही क्वचितच केला असेल.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर शाळेत गृहशास्त्र शिकवलं. त्या विषयाला तेव्हा 'स्वयंपाकाचा तास' म्हणून हिणवलं जाई. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मिठाभाताची गोष्ट काढली तर ती कुणाला हलकी वाटणार नाही, एवढा भरवसा मला आहे. मी स्वतः वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यामुळे ताट समोर आलं की माझं लक्ष आधी जातं ते हे कुठल्या झाडाचं, कुठल्या वेलीचं, कुठल्या महिन्यातलं, याकडे. आज बोलणार आहे तेही त्याच खोडीपायी.

सणाच्या दिवशी परधर्माच्या, परजातीच्या शेजाऱ्याला आपल्या घरचं खायला पाठवणं, हे आपण मनाच्या मोठेपणाच्या खात्यात मांडून टाकतो. नाताळ आला, चवथ आली, ईद आली की त्यावर दोन गोड वाक्यं छापून येतात. मला ते अपुरं वाटतं. मोठ्या मनाची माणसं सगळ्याच काळात होती, पण ताट सगळ्या काळात गेलेलं नाही. मला दिसतं ते असं की, कुंपण ओलांडण्याचा अन्नाचा एक क्रम आहे. परसातलं आधी जातं: नारळ, केळ्यांचा घड, चिबूड, शेवग्याच्या शेंगा. त्यानंतर कोरडं आणि तळलेलं. शिजवलेलं, ओलं, पाण्यातलं फार उशिरा. आणि एकमेकांच्या घरी पाटाला पाट लावून जेवणं सगळ्यांत शेवटी. यातली एकेक पायरी चढायला पिढ्या लागल्या आहेत.

परसातल्यापासूनच सुरुवात करू, कारण त्यात मला सगळ्यांत जास्त सांगण्यासारखं आहे.

हळदीचं पान घ्या. पातोळी कशी करतात ते इथे बसलेल्यांना मी सांगायला नको, पण हे भाषण छापलं जाणार आहे आणि घाटावरचेही ते वाचतील, म्हणून सांगते. तांदूळ भिजवून गंधासारखे वाटायचे, हळदीच्या पानावर बोटांनी पातळ सारवायचे, त्यावर खोबरं आणि माडाच्या गुळाचं चून पसरायचं, पान मध्यशिरेवर दुमडायचं आणि वाफवायचं. पान सोलून काढलं की त्याच्या शिरांची नक्षी पातोळीवर उमटलेली असते आणि वास घरभर होतो. हिंदूंच्या घरात ही नागपंचमीला होते, चवथीच्या सणात गौरीला होते. ख्रिस्ती घरात ती १५ ऑगस्टला, सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, स्वर्गारोहणाच्या फेस्ताला होते. पदार्थ तोच, चून तेच, पानही तेच. यावर 'सांस्कृतिक समन्वय' असा शेरा मारून मोकळं होता येतं. पण हा समन्वय ना भटजींनी घडवला ना पाद्रींनी. हळदीचा कंद पहिल्या पावसाला फुटतो, श्रावणात त्याचं पान तळहाताहून चांगलं रुंद आणि तरीही कोवळं असतं, आणि थंडी पडली की ते पिवळं पडून माना टाकतं. पातोळी करायची तर श्रावण-भाद्रपदातच करावी लागते. त्या दिवसांत ज्याचा जो सण असेल, त्याच्या पदरात ती पडते. नाताळात पातोळी नसते, कारण नाताळात पान नसतं.

तीच गोष्ट कणसांची. राय गावात ५ ऑगस्टला कोणसाचें फेस्त होतं, ताळगावात २१ ऑगस्टला. पाद्री विळा घेऊन शेतात उतरतो, पहिली कणसं कापतो, ती मंत्रून चर्चमध्ये नेतात आणि मग घरोघर जातात. त्यानंतर थोड्याच दिवसांत चवथ येते, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी हिंदूंच्या घरी नव्याची पंचम. भाताची नवी कणसं गणपतीपुढे ठेवायची, दाराला बांधायची. ख्रिस्ती गावकार आणि हिंदू गावकार यांच्या देवांची तोंडं वेगळ्या दिशांना असतील, पण खाजनातलं भात एकाच भरती-ओहोटीच्या हिशोबाने वाढतं आणि एकाच पंधरवड्यात निसवतं. सणांच्या तारखा पंचांगाने आणि कॅलेंडरने ठरवल्या, असं आपण म्हणतो. पंचांग आणि कॅलेंडर या दोघांनाही शेताकडे पाहावंच लागलं आहे.

आणि माटोळी! गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला जे जे पिकलं, जे जे रानात लागलं ते सगळं बांधायचं. सुपारीची शिपटां, नारळ, केळ्यांचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे. आणि मग कांगल्या, कवंडळं, घागऱ्या अशी रानातली फळं, ज्यांची नावं माझ्या विद्यार्थ्यांपैकी शहरात वाढलेल्यांना मी काढलेल्या चित्रांवरून शिकावी लागत. कवंडळ कडूजहर असतं, ते कुणी खात नाही. तरी माटोळीत त्याचा मान आहे. हे फक्त खाद्याचं प्रदर्शन नव्हे, तर त्या गावाच्या पावसाळ्याची ती हजेरीपत्रिका आहे. माटोळीचं सामान सगळं स्वतःच्या परसातलं असेल असं घर विरळा. तोरिंजनाचं झाड एखाद्या फेर्नांडिसांच्या आवारात असतं, चांगला घड कुणा मुसलमान कुळागरवाल्याकडे, आणि रानातलं तर डोंगरातल्या वेळीप-गावड्यांच्या बायकांशिवाय येतच नाही. देवाच्या डोक्यावर टांगलेलं फळ कुणाच्या झाडाचं, हा प्रश्न सोवळ्यातल्या आजीबाईंनीही कधी विचारला नाही. झाडावर असताना फळाला विटाळ नाही, असा साधा न्याय होता.

हा न्याय किती लांबवर जातो ते पाहा. एकादशीचं ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात शेंगदाण्याचं कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची. सोबत रताळ्याचे काप. साबुदाणा आपल्याकडे करतात तो कसाव्याच्या कंदाचा. तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथला, मिरची आणि रताळंही अमेरिकेतलंच. या वनस्पती समुद्रावरून आल्या, बऱ्याचशा पोर्तुगिजांच्या गलबतांतून. म्हणजे आषाढी एकादशीला विठोबाच्या नावाने जे आपण पवित्र म्हणून खातो त्यातलं जिरं आणि तूप तेवढं इकडचं. बाकी सारं फिरंग्यांच्या वाटेने आलेलं.

आता त्याच फिरंग्यांनी आणलेला दुसरा पदार्थ घ्या: पाव. गहू आपला, हजारो वर्षांचा जुना. गोव्यात पीठ फुगवायला घालत ती माडाची सूर, तीही आपल्याच माडाची. म्हणजे सामग्री अस्सल देशी. तरीही पाव बाटवणारा! विहिरीत पाव टाकला, ते पाणी गावाने प्यायलं आणि अख्खं गाव बाटलं, ही कथा गोव्यापासून वसईपर्यंत ऐकायला मिळते. ती कितपत घडली हा भाग सोडा, पण पावाचा धाक केवढा होता हे तिच्यावरून कळतं. परदेशी बटाटा फराळात आला आणि देशी गव्हाचा पाव उंबऱ्याबाहेर राहिला, याचं कारण एकच. बटाटा मातीतून आला, पाव माणसाच्या हातातून आला. मातीची जात कुणी विचारत नाही. पीठ मळणाऱ्या हाताची विचारतात.

म्हणूनच एकोणिसाव्या शतकात ज्यांना जात मोडायची होती त्यांनी नेमका पावच हातात घेतला. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली, दादोबा पांडुरंग तिच्या संस्थापकांपैकी. मंडळी गुप्त. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. आज चहात पाव बुडवून खाताना ही काय परीक्षा असं वाटेल. पण पुढे दहाएक वर्षांनी सभासदांची नावं बाहेर फुटली तेव्हा मंडळी टिकली नाही, यावरून त्या तुकड्याचं वजन ओळखावं. मंडळीच्या स्थापनेनंतर चाळीसेक वर्षांनी, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि मोठं ग्रामण्य उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं याचं त्यांच्याच माणसांना वाईट वाटलं. तिकडे चहाची पत्ती कुठल्या मळ्यातली, याबद्दल कुणाची हरकत नव्हती. तिच्यावर उकळतं पाणी कुणी ओतलं, एवढाच वाद.

या दोन्ही प्रसंगांबद्दल मला आदर आहे. पण मला असंही वाटतं की सुधारकांनी थेट वरच्या पायरीवर उडी घेतली आणि म्हणून ते आपटले. त्याच काळात, कुणी ठराव न करता, कुठे नावं न छापता, शेजारच्या बायका खालच्या पायऱ्या चढत होत्या. त्यांच्या हिकमती मला जास्त शहाणपणाच्या वाटतात.

कोरडा शिधा ही त्यातली जुनी हिकमत. आपल्या हातचं शिजलेलं त्यांना चालत नाही ना, मग तांदूळ, डाळ, गूळ, नारळ पाठवायचे. त्यांनी त्यांच्या चुलीवर शिजवावं. आमच्या शेजारी ईदच्या दिवशी हीच रीत होती. शाकाहारी आणि जुन्या वळणाच्या घरांत शिरखुर्मा करून पाठवायचा नाही. भाजलेल्या शेवया, खारीक, चारोळी, साखर अशा वेगवेगळ्या पुड्या आणि वर दुधाला पैसे नकोत म्हणून दुधाचा तांब्या. माझी आई ते घ्यायची आणि आमच्या पातेल्यात शिजवायची. पुढे कधीतरी तयार शिरखुर्माच येऊ लागला. कधीपासून, ते घरात कुणाला सांगता येत नाही, आणि मला त्यातच गंमत वाटते. पंचहौद मिशनचं साल आपल्याला पाठ आहे. या पायरीचं साल कुणीच लिहून ठेवलं नाही, म्हणून तिच्यावर प्रायश्चित्तही कुणी मागितलं नाही.

नाताळच्या कुस्वाराचं, म्हणजे फराळाचं, ताट तर एखाद्या वकिलाने मसुदा तयार करावा तसं लावलेलं असतं. बेबिंकेत अंड्याचे बलक असतात, बोलींयांत असतात, बाथीत अंडं असतं. दोदोलात मात्र तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ, बस. दोस म्हणजे चण्याची डाळ, नारळ आणि साखर. पेराद म्हणजे पेरू आणि साखर. नेवऱ्या तर सगळ्यांच्याच; चवथीला हिंदूंकडून ख्रिस्त्यांकडे गेलेली नेवरी नाताळला परत फिरते. तेव्हा जुनी जाणती ख्रिस्ती बाई कुणाकडे ताट जाणार हे पाहून ताट लावते. अंडं न खाणाऱ्यांकडे बेबिंका जात नाही आणि का गेली नाही हे कुणी बोलतही नाही. सोमवार पाळणाऱ्यांकडे सोमवारी काय पाठवायचं, हेही तिला ठाऊक असतं. २०२० साली नाताळ आणि मोक्षदा एकादशी एकाच दिवशी आली होती. त्या दिवशी उपास असलेल्या घरात कुस्वारातलं काय चाललं असतं? पेराद. पेरूही मूळचा अमेरिकेतलाच, आणि उपासाला चालतो! ज्यांना दुसऱ्याच्या पथ्याची एवढी माहिती असते त्यांना मी उदार म्हणण्याआधी विद्वान म्हणेन. 'आमच्याकडे काही भेदभाव नाही, सगळं खा' असं म्हणणाऱ्यापेक्षा 'तुझं काय चालत नाही ते मला माहीत आहे' असं म्हणणारा शेजारी मला परवडतो.

दुःखाच्या घरी हे अधिक ठळक दिसतं. वर्षभरात घरात कुणी गेलं असेल तर हिंदू घरात दिवाळीचा फराळ करत नाहीत. गोव्यातल्या ख्रिस्ती घरातही शोक असला की कुस्वार होत नाही. दोन्हीकडे एकच रीत: शेजारपाजाऱ्यांनी आणून द्यायचं. त्या वर्षी ताट फक्त येतं, जात नाही. आणि तेवढ्यासाठी त्या घराला कुणी उणं समजत नाही.

आता जरा कडू बोलायचं आहे.

ताट फक्त येतं आणि जात नाही, अशी आपल्या समाजात कायमची घरंही होती. तिथे त्याला शोकाचं कारण नव्हतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी महार-मांगांच्या वस्तीत गेलेलं अन्न हे शेजाऱ्याचं ताट नव्हतं. ते उरलेलं होतं, मागून न्यावं लागे, आणि वरून टाकलं जाई. आणि त्या वस्तीतून उलटं ताट आलं असतं तर? तशी कल्पनाही कुणी केली नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि मागून आणलेले शिळे तुकडे सोडा, असं आपल्या लोकांना बजावलं, त्यात याचंच निदान होतं. परत पाठवता येत नाही असं अन्न घेऊ नका. शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ कृतींसकट लिहून ठेवले. मराठी खाद्यपुस्तकांच्या एवढ्या मोठ्या ढिगात ते यायला २०१५ साल उजाडलं, यावर माझ्यासारखीने फार बोलू नये, पुस्तक वाचावं. अनंत हरी गद्र्यांनी 'झुणका-भाकर सत्यनारायण' केले तेव्हा पूजेला दलित जोडपं बसवलं आणि प्रसाद म्हणून झुणका-भाकर वाटली. साजूक तुपातल्या शिऱ्याऐवजी झुणका-भाकर ठेवण्यात त्यांनी काय उलटवलं, ते लक्षात घ्या. यजमान कोण, हेच त्यांनी बदललं. तेव्हा इतक्या वेळ मी ज्या शेजारणींचं कौतुक केलं, त्यांच्या कुंपणाच्या यादीत कुणाची घरं मुळात नव्हतीच, हेही त्या यादीसोबत वाचलं पाहिजे. सोमवार कुणाचा, एकादशी कुणाची हे ठाऊक असणाऱ्या विद्वत्तेला गावकुसाबाहेरच्यांचं काहीही ठाऊक नव्हतं.

गोव्याबाहेरची दोन उदाहरणं थोडक्यात सांगते, कारण ती मराठी बोलणाऱ्यांची आहेत. वसईचे ख्रिस्ती घरात कादोडी, वाडवळी बोलतात आणि मराठीत लिहितात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते त्यांच्यातलेच. तिथल्या वाड्यांतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी करतात: पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, रंग मधासारखा होतो. यात शिजवणं नाही, तळणं नाही, पाणी नाही. परसातल्या केळ्याचा गोडपणा आणि कोरड्या खाऊची टिकाऊ वाट, दोन्ही तिला एकदम साधलं आहे, आणि उपासालाही ती चालते. ख्रिस्त्यांनी केली काय की हिंदूंनी केली काय, खाणाऱ्याच्या नियमांची अडचण नाही.

दुसरं उदाहरण अलिबागकडच्या बेने इस्रायलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांच्या धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. कोकणात त्याला उत्तर दारातच उभं होतं: नारळाचा रस. कालवणात तो घातला की धर्मही सांभाळला आणि चवही कोकणी झाली. त्यांचा मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. एलियाहू हानबीच्या नावाने तो करतात. आमच्या दडप्या पोह्यांचा तो गोड भाऊ शोभेल. इस्रायलला गेल्यावर त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं आणि मलिदाही सोबत नेला. नारळ मात्र तिथे विकत घ्यावा लागतो.

आणि आता विकतचंच बोलायचं तर इथेही तीच गत आहे. नेवऱ्या म्हापशाच्या बाजारातून येतात, चकल्या पाकिटातून येतात, आणि शहरात सणाची भेट म्हणजे काजू-बदामांचा चकचकीत खोका. मी त्यावर नाक मुरडणार नाही. नोकरी करणाऱ्या बाईने रात्री अकराला नेवऱ्या तळाव्यात, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतः कढईजवळ उभं राहावं. पण त्या खोक्यात एक गैरसोय आहे. तो कुणालाही चालतो. शेजाऱ्याचं पथ्य माहीत नसलं तरी देता येतो, आणि घेणाऱ्यालाही देणाऱ्याबद्दल काही कळत नाही. शिवाय तो न उघडता पुढच्या घरी सरकवता येतो, आणि सरकवतातच. परसातल्या पहिल्या पायरीवरून आपण चढत आलो होतो. खोका यातल्या कुठल्याच पायरीवर नाही.

मला खरी काळजी पहिल्या पायरीचीच आहे. शिजवलेलं एकमेकांकडे खायला हल्लीच्या मुलांना अडचण नाही. ती एकमेकांच्या डब्यात जेवतात, आणि हे फार चांगलं झालं. पण द्यायला परसात काही उरलं पाहिजे ना? माकडं चिबूड ठेवत नाहीत, गवे कुळागरात शिरतात, माडावर चढणारा माणूस मिळत नाही, आणि ज्या आवारात तोरिंजन होतं तिथे गाड्या लावतात. माटोळी आता बाजारातून जुडीने विकत आणतात. कला आणि संस्कृती खात्याच्या माटोळी स्पर्धेमुळे नव्या मुलांना वनस्पतींची नावं कळू लागली, हा मोठा फायदा. पण जास्तीत जास्त प्रकार जमवण्याच्या चुरशीत दुर्मीळ वेलीही मुळासकट येऊ लागल्या तर पुढच्या वर्षी चौकटीला बांधायचं काय? वनस्पतिशास्त्राची शिक्षिका म्हणून माझी आयोजकांना सूचना आहे: रानातून तोडून आणलेल्या प्रकारांना गुण द्या, पण स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या आवारात लावून वाढवलेल्या प्रकारांना दुप्पट द्या. शेजाऱ्याच्या झाडाचं फळ असेल तर त्याचंही नाव लिहायला सांगा. गुणांच्या कागदावर एक रकाना वाढेल, एवढंच.

आणि एक काम आजच करण्यासारखं आहे. बाहेर दाराशी हळदीच्या कंदांची पिशवी ठेवली आहे. माझ्या परसातले आहेत, फार नाहीत. एका घराने एक-दोन घ्यावेत. पाऊस सुरू होण्याआधी चार बोटं खोल लावा, डोळा वर करून. थोडी सावली चालते, पाणी साचलेलं चालत नाही. चांगलं लागलं तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत पान हाताला येईल. पहिल्या वर्षी पानं थोडी कमी मिळतील, तेव्हा पातोळ्या लहान करा.